गोंगाटाला घटना नसते

जॅझच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेक लेखक १९६०च्या दशकापाशी आले की ठरलेल्या वाटेने जातात. न्यूयॉर्कमध्ये ऑर्नेट कोलमन आणि जॉन कोल्ट्रेन यांनी जॅझचे बंध तोडले. ती लाट शिकागोला पोचली. तिथल्या तरुण कृष्णवर्णीय वादकांनी ‘असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स’, म्हणजे एएसीएम, नावाची संस्था काढली. एवढे सांगून झाले की विशेषणे येतात: संतप्त, बेबंद, परंपराद्रोही. सोबत रंगवलेल्या चेहऱ्यांचे एक छायाचित्र. आणि लगेच पुढचे प्रकरण.

या मताला माझा विरोध आहे. ज्याला हे संगीत कर्कश वाटते त्याच्या कानांशी माझे काही भांडण नाही. एखाद्याला कारले आवडत नाही, त्याला कोण काय सांगणार? भांडण आहे ते इतिहास म्हणून जे सांगितले जाते त्याच्याशी. कारण तो इतिहास तारखांशी जुळत नाही, कागदपत्रांशी जुळत नाही, आणि नीट ऐकले तर ध्वनिमुद्रिकांशीही जुळत नाही.

आधी पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडण्यात काही पुरुषार्थ नाही, म्हणून त्याच्या सगळ्या बळासकट मांडतो. पहिला मुद्दा कालक्रमाचा. कोलमनची ‘फ्री जॅझ’ ही ध्वनिमुद्रिका डिसेंबर १९६०मध्ये मुद्रित झाली, एएसीएम जन्मली १९६५मध्ये. म्हणजे न्यूयॉर्क आधी, शिकागो नंतर. दुसरा मुद्दा कानाचा. या मंडळींच्या वादनात किंचाळणारे सॅक्सोफोन आहेत, ताल हरवलेले लांबच लांब पट्टे आहेत, शिट्ट्या, घंटा, भोंगे, मोटारीची चाकटोपणे असला सगळा बाजार आहे. तिसरा मुद्दा काळाचा. ही माणसे शिकागोच्या साउथ साइडची, म्हणजे वर्णभेदाने गांजलेल्या वस्त्यांतली. नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती, शहरे पेटत होती. अशा वेळी संगीतातून संताप उमटणार नाही तर काय उमटेल? आणि चौथा मुद्दा फळाचा. संस्थेतली नावाजलेली माणसे १९६९मध्ये पॅरिसला गेली, पुढे न्यूयॉर्कला स्थिरावली. म्हणजे एका जोशाच्या काळात एकत्र आलेले लोक तो जोश ओसरल्यावर पांगले. हे म्हणणारे सगळे अडाणी नव्हेत. त्यांतले कित्येक या संगीतावर मनापासून प्रेम करणारे आहेत, आणि ‘बेबंद’ हा शब्द ते कौतुकाने वापरतात. तेच जास्त घातक. निंदकाला उत्तर देता येते. चुकीच्या गुणासाठी केलेली स्तुती मात्र इतिहासात मुरून बसते.

आता उत्तरपक्ष.

८ मे १९६५, शनिवार. शिकागोच्या दक्षिण भागात, पूर्वेकडच्या पंचाहत्तराव्या रस्त्यावर, ट्रम्पेटवादक फिल कोहरन यांच्या घरी वादकांची सभा भरली. बोलावणे टपालाने गेले होते, साध्या पोस्टकार्डांवर. निमंत्रक चौघे: स्वतः कोहरन, पियानोवादक रिचर्ड एब्रम्स (पुढे मुहाल रिचर्ड एब्रम्स), पियानोवादक जोडी क्रिश्चन आणि ड्रमवादक स्टीव्ह मॅकॉल. या सभेचे ध्वनिमुद्रण झाले. मैफलीचे नव्हे, सभेचे! पुढे ट्रॉम्बोनवादक आणि संगीत-अभ्यासक जॉर्ज लुईस यांनी संस्थेचा इतिहास लिहिताना त्या फितींचा आधार घेतला. त्यांचा तो जाडजूड ग्रंथ शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने २००८मध्ये काढला. लुईस स्वतः १९७१पासून एएसीएमचे सभासद, तेव्हा ते घरच्याच बाजूने लिहिणार, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा. पण टेप रेकॉर्डरला पक्ष नसतो.

त्या फितींवर काय आहे? अध्यक्ष आहे. बोलणाऱ्याने आधी आपले नाव सांगावे, अशी विनंती आहे. सूचना आहेत, चर्चा आहे, मतदान आहे. आणि चर्चेचा सगळा भर एका प्रश्नावर आहे: संस्थेच्या मंचावर वाजवायचे काय? उत्तर ठरले ते असे की वाजवायचे ते स्वतःचे संगीत. मग स्वतःचे म्हणजे नेमके कोणते, लोकांना माहीत असलेल्या चाली टाकल्या तर ऐकायला येणार कोण, पोटापाण्याचे काय, यावर भरपूर काथ्याकूट झाला. क्लबात चरितार्थासाठी प्रचलित चाली वाजवायला कोणाची हरकत नव्हती. जोडी क्रिश्चनसारखे वादक त्या वाजवत राहिलेच. पण संस्थेच्या नावाने भरणाऱ्या मैफलीत दुसऱ्याची चाल चालणार नव्हती.

या एका नियमाचा अर्थ पुरता लक्षात घ्यायला हवा, कारण माझा सगळा वाद याच्यावर उभा आहे. ज्या संस्थेत स्वतःचेच वाजवायचे, त्या संस्थेत प्रत्येक वादकाला रचनाकार व्हावे लागते. ड्रमवादकालाही. बासवादकालाही. जॅझच्या तोवरच्या व्यवहारात रचनाकार थोडे आणि वादक पुष्कळ. एएसीएमने ही विभागणीच मोडली. आता मला सांगा, ज्यांनी आपल्या दारावर ‘स्वतःची रचना घेऊन या’ अशी पाटी लावली, त्यांना रचनेचे वैरी कसे म्हणायचे?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इलिनॉय राज्याच्या कायद्याखाली ना-नफा संस्था म्हणून तिची नोंदणी झाली. सनदेत नऊ उद्दिष्टे. नवोदितांना विनामूल्य शिक्षण देणे, गुणी संगीतकारांना काम मिळवून देणे, वादकांच्या वर्तनाचा दर्जा उंचावणे आणि समाजातली त्यांची प्रतिमा सुधारणे, कार्यक्रमांचे दलाल, व्यवस्थापक आणि वाद्यनिर्माते यांच्याशी परस्पर आदराचे नाते जोडणे. अशी ही कलमे. ही भाषा बंडखोरांची वाटते का? एखाद्या नेमस्त शिक्षण मंडळाची वाटते. आणि याच नऊ कलमांत एक कलम असे आहे की सुसंस्कृत संगीतकारांची मागून चालत आलेली परंपरा जपायची. परंपराद्रोहाचा आरोप करणाऱ्यांनी निदान हे कलम तरी वाचायला हवे होते.

संस्था निघाली ती संतापाच्या भरात नव्हे, तर काम आटल्यामुळे. एके काळी साउथ साइडला क्लबांची रांगच्या रांग होती. साठीच्या दशकात ते एकेक करून बंद पडत होते. शिकागोत वादकांच्या युनियनही दोन होत्या, गोऱ्यांची क्रमांक १० आणि कृष्णवर्णीयांची क्रमांक २०८. त्या एकत्र झाल्या १९६६मध्ये, म्हणजे एएसीएमच्या जन्मानंतर. क्लबमालकाच्या मर्जीवर जगायचे, त्याच्या गिऱ्हाइकांनी पेले रिते करताना वाजवायचे, आणि तोही क्लब बंद पडला की घरी बसायचे. या फेऱ्यातून सुटायला या मंडळींनी स्वतःच सभागृहे मिळवली, स्वतः तिकिटे विकली. अब्राहम लिंकन सेंटरसारखी समाजकेंद्रे, विद्यापीठांची सभागृहे. श्रोत्यांनी खुर्चीत बसून, लक्ष देऊन ऐकायचे. हा फरक किरकोळ नाही. बारमधल्या गलक्यात वाजवता न येणारी शांतता अशाच जागी वाजवता येते.

त्या शांततेकडे आता वळतो, कारण न्यूयॉर्कच्या लाटेचा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

कालक्रम मला मान्य आहे. कोलमन आधी. पण ‘नंतर’ म्हणजे ‘त्यामुळे’ नव्हे, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात. कोल्ट्रेनच्या ‘असेन्शन’चे मुद्रण जून १९६५च्या अखेरचे, त्याआधी एएसीएमची स्थापना होऊन गेली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एब्रम्स यांचा ‘एक्स्पेरिमेंटल बँड’ दशकाच्या सुरुवातीपासूनच चालू होता. पैसे मिळण्याची आशा नाही, तरी आठवड्याच्या आठवड्याला लोक जमत, आणि ज्याने जे लिहून आणले असेल ते सगळे मिळून वाजवून बघत. सॅक्सोफोनवादक रॉस्को मिचेल आणि जोसेफ जार्मन, पुढे ड्रमवादक म्हणून जगभर गाजलेले जॅक डिजॉनेट, सगळे या मांडवाखालून गेले. या वाद्यवृंदाचे संगीत तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर आलेच नाही. जे ध्वनिमुद्रिकेवर नाही ते घडलेच नाही असे धरून चालणाऱ्या इतिहासकारांना त्यामुळे शिकागोचा आरंभ दिसत नाही. फिल कोहरन तर न्यूयॉर्कच्या कोणाकडे बघत नव्हते; ते सन रा यांच्या शिकागोतल्या वाद्यवृंदात वाजवून आलेले. तेव्हा शिकागोच्या या धाग्याला न्यूयॉर्कचे शेपूट जोडायचे कशाला?

आता कानाचा पुरावा. १९६६मध्ये डेलमार्क कंपनीने रॉस्को मिचेल यांची ‘साउंड’ ही ध्वनिमुद्रिका मुद्रित केली. एएसीएमच्या वादकांची ही पहिली. वादक सहा: मिचेल, ट्रम्पेटवर लेस्टर बोवी, बासवर मलाकाई फेव्हर्स, सॅक्सोफोनवर मॉरिस मॅकिंटायर, ट्रॉम्बोन आणि चेलोवर लेस्टर लॅशली, ड्रमवर आल्व्हिन फील्डर. ती ‘असेन्शन’च्या शेजारी ठेवून ऐका. ‘असेन्शन’मध्ये अकरा वादक एकमेकांवर लाटांसारखे कोसळतात, जवळजवळ चाळीस मिनिटे ती उष्णता उतरत नाही. ‘साउंड’ या शीर्षक-रचनेत एकेक वादक जणू रिकाम्या खोलीत येतो. झांजेची बारीक किणकिण, सॅक्सोफोनमधून नुसता जाणारा श्वास, एखादा स्वर लागता लागता दुभंगतो, मग थांबा. पूर्ण थांबा. आणि त्या थांब्याला घाई नाही. त्याच ध्वनिमुद्रिकेतल्या ‘लिटल स्वीट’ या रचनेत हार्मोनिका आहे, शिट्टी आहे, छोट्या घंटा आहेत, मिस्कील तुकडे एकामागून एक येतात आणि एकही आपला मुक्काम लांबवत नाही. न्यूयॉर्कचे त्या काळचे संगीत घनतेकडे झुकणारे, शिकागोचे विरळतेकडे. ज्याला हे दोन्ही सारखेच ऐकू येते, त्याने फक्त परिचित लय नाही एवढेच ऐकले. जे नाही ते ऐकले. जे आहे ते ऐकायचे राहून गेले.

मोटारीच्या चाकटोपणांचा उल्लेख मी वर पूर्वपक्षाच्या तोंडी घातला. त्याचाही खुलासा करतो. एएसीएमचेच सॅक्सोफोनवादक हेन्री थ्रेडगिल यांनी चाकांची टोपणे टांगून एक वाद्य बनवले आणि त्याला ‘हबकाफोन’ हे नाव दिले. लोक हसतात. हसावे. पण टोपणे वाजवून बघून, प्रत्येकाचा नाद पारखून ती मांडलेली होती. भंगारातून नाद शोधणाऱ्याला आपण गोंगाट करणारा म्हणणार असू, तर मग वाद्य बनवणे म्हणजे असते तरी काय?

शिक्षणाचा मुद्दा पूर्वपक्षात उघड येत नाही. तो गृहीत असतो. ज्यांना नीट वाजवता येत नाही तेच असे वाजवतात, अशी एक समजूत या साऱ्या टीकेच्या तळाशी असते. तपासू. मिचेल, जार्मन, थ्रेडगिल, फेव्हर्स, अँथनी ब्रॅक्स्टन हे सगळे शिकागोच्या विल्सन ज्युनियर कॉलेजात शिकले; तिथे रिचर्ड वँग नावाचे शिक्षक त्यांना जॅझबरोबरच विसाव्या शतकातले युरोपीय संगीतही शिकवत. व्हायोलिनवादक लिरॉय जेंकिन्स यांना घडवले ते डुसेबल हायस्कूलच्या कॅप्टन वॉल्टर डायेट यांनी. शिकागोतल्या वादकांच्या पिढ्याच्या पिढ्या शिस्तीत वाढवणारे हे गृहस्थ करडेपणासाठी प्रसिद्ध. एब्रम्स बहुतांशी स्वतःच शिकलेले, पण कसे? जोसेफ शिलिंगर यांची संगीतरचनेची गणिती पद्धत त्यांनी मिळवली, पचवली, आणि इतरांना शिकवली. शिलिंगर यांचे ते दोन खंड ज्याने नुसते चाळले असतील त्याला ठाऊक आहे की तिथे आवेशाला जागा नाही. तिथे आलेख आहेत, क्रमचय आहेत, लयीची बीजगणिते आहेत. ‘बेबंद’ संगीताचा पाया बीजगणितावर? हा विरोधाभास संगीतात नाही. तो आपण लावलेल्या विशेषणात आहे.

आणि १९६७मध्ये संस्थेने स्वतःची शाळा काढली. शनिवारी भरणारी, वस्तीतल्या मुलांसाठी, विनामूल्य. स्वरलेखन, सिद्धान्त, वाद्य, रचना. विद्यार्थ्यानेही पहिल्यापासून रचना करायची. माझ्या माहितीतल्या कुठल्याही बेशिस्त चळवळीने हजेरीपट घातलेला नाही.

आता परंपरा. हा आरोप लवकर संपवता येतो, कारण पुरावा भरपूर आहे. थ्रेडगिल, बासवादक फ्रेड हॉपकिन्स आणि स्टीव्ह मॅकॉल यांचे ‘एअर’ हे त्रिकूट सुरूच झाले ते एका नाटकासाठी स्कॉट जॉप्लिन यांच्या रॅगटाइम रचनांवर काम करताना; १९७९च्या ‘एअर लोर’ या ध्वनिमुद्रिकेत जॉप्लिन आहेत आणि जेली रोल मॉर्टनही. ब्रॅक्स्टन यांच्या ‘क्रिएटिव्ह ऑर्केस्ट्रा म्युझिक १९७६’मध्ये लष्करी बँडच्या चालीचे एक सरळसरळ कूच आहे, जे हळूहळू वाट सोडते आणि पुन्हा वाटेवर येते. आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो या पथकाचे घोषवाक्य होते ‘ग्रेट ब्लॅक म्युझिक’, आणि त्याला जोडलेले शेपूट असे की प्राचीनापासून भविष्यापर्यंत. परंपरा मोडायला निघालेला माणूस ‘प्राचीनापासून’ म्हणत नाही. त्यांनी एक मात्र केले: परंपरेत चार्ली पार्करनंतरची वीस वर्षे तेवढी मोजली नाहीत. गॉस्पेल, ब्लूज, सर्कशीचे बँड, कवायतीचे बँड, आफ्रिकेची तालवाद्ये, सगळे मोजले. ज्यांची परंपरेची व्याख्या वीस वर्षांची, त्यांना ही शंभर वर्षे बंडखोरी वाटली.

संतापाचा मुद्दा मात्र घाईने उडवून लावता येत नाही. तिथे थोडे थांबायला हवे.

हे खरे की ही माणसे कृष्णवर्णीय होती आणि आपले कृष्णवर्णीय असणे ती अभिमानाने मिरवत. हेही खरे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही, की सुरुवातीच्या वर्षांत एका गोऱ्या सभासदाला संस्थेबाहेर जावे लागले. हा निर्णय संस्थेतही सर्वांना रुचला नव्हता. मला तो आजही खटकतो. पण त्यावरून सगळी संस्था म्हणजे वांशिक क्रोधाचा उद्गार, हे अनुमान निघते का? सनदेतल्या नऊ उद्दिष्टांत वंशाचा उल्लेखच नाही. सभासदांत नाना मतांचे लोक होते. कोहरन यांना संस्थेतल्या काहींच्या वादनाची दिशा पटली नाही, ते लवकरच बाजूला झाले आणि त्यांनी स्वतःचे नाट्यगृह चालवले. एकच आवाज, एकच राग, असे तिथे कधी नव्हतेच.

मग संतापाचे हे चित्र आले कुठून? बरेचसे पॅरिसहून आले, असे माझे मत आहे. १९६९च्या जूनमध्ये मिचेल, बोवी, फेव्हर्स आणि जार्मन तिथे पोचले, बरोबर ढीगभर वाद्ये. आर्ट एन्सेम्बल या त्यांच्या पथकाच्या नावापुढे ‘ऑफ शिकागो’ हे शब्द लागले तेही तिथेच. मे १९६८च्या उठावाला जेमतेम वर्ष झालेले. फ्रान्सच्या समीक्षकांना क्रांतीचे संगीत हवे होते, आणि रंगवलेल्या चेहऱ्यांची अमेरिकन कृष्णवर्णीय माणसे समोर उभी होती. १९७१मध्ये फिलिप कार्ल आणि जाँ-लुई कोमोली यांच्या पुस्तकाच्या नावातच फ्री जॅझ आणि ब्लॅक पॉवर एकमेकांना चिकटलेले आहेत. पुस्तक अभ्यासू आहे, त्यातली कळकळ खरी आहे. पण त्या चष्म्यातून बघणाऱ्याला मंचावरचे अर्धेच दिसले. मंचावर चेहरे रंगवले होते ते सगळ्यांनी नव्हे. मिचेल साध्या कपड्यांत उभे असत, आणि लेस्टर बोवी प्रयोगशाळेतला पांढरा डगला घालून येत. क्रोधाचा प्रतिनिधी पांढरा डगला घालून विनोद करतो का? ‘जॅक्सन इन युअर हाउस’ ही १९६९ची ध्वनिमुद्रिका ऐकताना हसू आले नाही, तर माणसाने आपल्या प्रकृतीची चौकशी करावी. आणि १९७०मध्ये याच पथकाने एका फ्रेंच चित्रपटासाठी ‘तेम द योयो’ वाजवले तेव्हा गायिका कोण होती? फॉन्टेला बास, जिचे ‘रेस्क्यू मी’ १९६५मध्ये अमेरिकेतल्या रेडिओवर घराघरांत वाजत होते. बोवी यांची तेव्हाची पत्नी. त्या ठेक्यावर पाय हलल्याशिवाय राहत नाही.

राजकारण होते. पण ते किंकाळीत नव्हते. रचनेवर नाव कोणाचे, तिकीट कोण विकणार, सभागृह कोण ठरवणार, यांत होते. ते न ऐकता किंकाळीत राजकारण शोधत बसणे सोपे असते.

एक उपमुद्दा. जे लोक अमेरिकन रचनाकार जॉन केज आणि त्यांच्या परिवाराच्या संगीताला ‘प्रयोगशील’ म्हणतात, तेच एएसीएमच्या संगीताला ‘जॅझमधली एक शाखा’ म्हणतात. का? ब्रॅक्स्टन यांनी १९६९मध्ये ‘फॉर आल्टो’ मुद्रित केली: संपूर्ण ध्वनिमुद्रिकाभर एकच सॅक्सोफोन, साथीला कोणीही नाही. अशी ध्वनिमुद्रिका त्याआधी निघाली नव्हती. त्यातली एक रचना जॉन केज यांना अर्पण केलेली, दुसरी पियानोवादक सेसिल टेलर यांना. ब्रॅक्स्टन यांनी दोघांना एकाच पंगतीला बसवले. समीक्षकांनी पंगती पुन्हा वेगळ्या केल्या. हातात सॅक्सोफोन असला आणि कातडीचा रंग काळा असला की प्रयोगाचा जॅझ होतो, हा न्याय कुठला?

आता मी माझा मुख्य साक्षीदार बोलावतो. तो माणूस नाही, एक रचना आहे. नाव ‘नोना’, रचनाकार रॉस्को मिचेल.

१९७६ साल, स्वित्झर्लंडमधला विलिसाऊचा महोत्सव. श्रोते आले होते ब्रॅक्स्टन यांना ऐकायला. ब्रॅक्स्टन आले नाहीत. त्यांच्या जागी मिचेल एकटे मंचावर आले, आल्टो सॅक्सोफोन घेऊन. सभागृहात नाराजी. मिचेल यांनी ‘नोना’चा पहिला तुकडा वाजवला: मोठमोठ्या उड्या घेणारे, खडबडीत स्वर, तोडलेले. आरडाओरडा झाला. त्यांनी तोच तुकडा पुन्हा वाजवला. पुन्हा. पुन्हा. कित्येक मिनिटे. दर वेळी तोच, आणि दर वेळी जरा वेगळ्या धारेचा. ध्वनिमुद्रणात श्रोत्यांचे ओरडणे ऐकू येते, आणि मग ते कसे निवळत जाते तेही. सभागृह ताब्यात आल्यावरच त्यांनी तो तुकडा सोडून रचना पुढे नेली. एकंदर वीस मिनिटांहून जास्त.

पूर्वपक्षाला हा प्रसंग आयता वाटेल: बघा, भडकलेला वादक आणि भडकलेले श्रोते! पण जरा थांबा. बेबंद वादक चिडला तर काय करील? सुचेल ते वाजवील, आवाज वाढवील. मिचेल यांनी नेमके उलटे केले. लिहिलेला तुकडा त्यांनी सोडला नाही. क्षणाच्या दबावाखाली ते उपजेकडे पळाले नाहीत. बंदिशीला धरून राहिले. ख्याल ऐकणाऱ्या मराठी वाचकाला मुखड्यावर पुन्हा पुन्हा येण्याची ताकद मी काय सांगणार?

आणि ही रचना विलिसाऊला सुचलेली नव्हतीच. १९७३मध्ये मुद्रित झालेल्या आर्ट एन्सेम्बलच्या ‘फॅनफेअर फॉर द वॉरियर्स’मध्ये ती आधीच आहे, पूर्ण पथकासाठी, तिथे पियानोवर पाहुणे म्हणून खुद्द एब्रम्स आहेत. १९७७मध्ये ‘नोना’ याच नावाने नेसा कंपनीने दोन तबकड्यांचा संच काढला. त्यात विलिसाऊचे ते एकट्याचे वादन आहे, आणि चार आल्टो सॅक्सोफोनसाठी नव्याने बांधलेले रूपही आहे. चार वादक म्हणजे मिचेल, जार्मन, थ्रेडगिल आणि वॉलेस मॅकमिलन.  पुढे हीच रचना चेलोंसाठी आली, वाद्यवृंदासाठी आली. एकच बीज, इतकी रूपे, इतकी वर्षे. उत्स्फूर्त गोंगाटाचे दुसऱ्या वाद्यांसाठी रूपांतर करता येते का? गोंगाट कागदावर उतरवून चेलोवादकांपुढे ठेवता येतो का?

उरला शेवटचा मुद्दा: जोश ओसरला आणि लोक पांगले. लोक पांगले हे खरे. संस्था पांगली नाही. तुलनाच करायची तर समकालीनांशी करा. न्यूयॉर्कमध्ये बिल डिक्सन यांच्या पुढाकाराने १९६४मध्ये ‘जॅझ कंपोझर्स गिल्ड’ निघाली; सेसिल टेलर, आर्ची शेप, सन रा, कार्ला ब्ले, एकाहून एक नावे. वर्षभरात संपली. कंपन्यांशी करार एकेकट्याने करायचे की एकत्र, यावरच ती फुटली. सेंट लुईसमध्ये शिकागोच्याच धर्तीवर १९६८मध्ये ‘ब्लॅक आर्टिस्ट्स ग्रुप’ निघाला; मोठ्या प्रतिष्ठानांच्या अनुदानावर चांगला चालला, अनुदान आटले आणि काही वर्षांत मिटला. एएसीएम मात्र चार्ल्स क्लार्क आणि क्रिस्टोफर गॅडी हे दोन गुणी तरुण सभासद अकाली गेल्यावरही टिकली, अर्धी माणसे युरोपला गेल्यावरही टिकली, आणि एब्रम्स न्यूयॉर्कला गेल्यावर तिची तिथेही शाखा झाली. ऑर्गन आणि पियानो वाजवणाऱ्या अमीना क्लॉडिन मायर्स १९६६पासून तिच्यात होत्या. पुढे सतारवादक शांता नुरुल्ला आल्या, बासरीवादक निकोल मिचेल आल्या आणि अध्यक्षही झाल्या. २०१५मध्ये संस्थेला पन्नास वर्षे झाली तेव्हा शिकागोच्या समकालीन कला संग्रहालयाने तिच्यावर मोठे प्रदर्शन भरवले. ज्या दोन संस्थांत मोठमोठी नावे होती किंवा मोठमोठी अनुदाने होती त्या गेल्या. जिच्यात घटना, वर्गणी आणि शनिवारची शाळा होती ती राहिली. हा योगायोग म्हणायचा?

आणि फळांचेच विचारायचे तर: ब्रॅक्स्टन आणि लुईस यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली, लुईस कोलंबिया विद्यापीठात, ब्रॅक्स्टन वेस्लियनमध्ये, मिचेल मिल्स कॉलेजात प्राध्यापक झाले, संस्थेचेच वाडाडा लिओ स्मिथ २०१३मध्ये पुलित्झरच्या अंतिम फेरीत होते, आणि २०१६मध्ये थ्रेडगिल यांना ‘इन फॉर अ पेनी, इन फॉर अ पाउंड’साठी पुलित्झर मिळाले. पुरस्काराने संगीत थोर ठरते असे मी म्हणत नाही. पण संगीताचे पुलित्झर हे वादनासाठी नसते, रचनेसाठी असते.

दोन्ही बाजू मांडून झाल्या. निकाल माझ्या शब्दावर देऊ नका. १९७७चा ‘नोना’चा संच मिळवा, आधी विलिसाऊचे एकट्याचे वादन ऐका, लगेच चौघांचे ऐका, आणि मग ठरवा.